म्हातारपणी घर कोणाचं?

जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्कॅन्डिनेव्हियातला शेतकरी थकला की शेत मुलाच्या नावावर करून द्यायचा, आणि देतानाच त्याच्याकडून एक करार लिहून घ्यायचा. म्हातारा-म्हातारीला कोणती खोली, वर्षाला किती धान्य, किती सरपण, दूध किती, परसातला कोणता तुकडा त्यांचा, असा सगळा तपशील त्यात असे. पटेनासं झालं तर वेगळं राहण्याची सोय काय, हेही काही करारांत आधीच ठरवलेलं असे. ही चाल काही शतकं चालली. आज हे करार वाचणाऱ्याला पहिल्यांदा दचकायला होतं. पोटच्या पोराकडून दूध लिहून घ्यायचं? मला मात्र त्या माणसांचं शहाणपण दिसतं. आपला मुलगा वाईट आहे असं त्यांना वाटत नव्हतं. जमीन हातातून गेली की घरातला आपला शब्दही जाईल, एवढं त्यांना कळत होतं.

वृद्धांच्या निवाऱ्याविषयी बोलताना आपण नेहमी एकच विचारतो: कोणाबरोबर राहतात? मुलांबरोबर, जोडीदाराबरोबर, एकटे, की संस्थेत? जनगणनेचे रकाने असेच, वर्तमानपत्रांतले हळहळीचे लेखही असेच. ज्या घरात ते राहतात तिथे त्यांचा हक्क काय, हा प्रश्न मात्र बाजूला पडतो. दार कोण लावतं, पाहुणा कोण बोलावतं, किती वाजता दिवा मालवायचा हे कोण ठरवतं? माझ्या मते म्हाताऱ्या माणसाचं सुख या उत्तरांवर जास्त अवलंबून असतं. घरात माणसं किती, यावर बरंच कमी. आणि सरकारांनी पैसा आणि कायदा लावायचा तर तो या हक्कांसाठी लावावा, कुटुंबं चिकटवून ठेवण्यासाठी नव्हे.

‘पूर्वी सगळे एकत्र राहायचे’ हे वाक्य जगातल्या बहुतेक भाषांत ऐकू येतं. केंब्रिजमध्ये पीटर लॅस्लेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० आणि ७०च्या दशकांत इंग्लंडच्या गावोगावच्या जुन्या याद्या तपासल्या, तेव्हा सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत तिथलं घर सरासरी पावणेपाच माणसांचंच निघालं. तीन पिढ्या एका छपराखाली असलेली घरं थोडीच होती. यावरून काहींनी घाईने निष्कर्ष काढला की एकत्र कुटुंब हे निव्वळ मिथक. तसंही नाही. लोक लवकर मरत होते, त्यामुळे आजोबा असलेली घरंच मुळात कमी. पण जे म्हातारे जगले त्यांचं काय? अमेरिकेच्या जनगणनांवर आयुष्य घालवलेल्या स्टीव्हन रगल्स यांनी मोजणी उलट्या बाजूने केली, घरांकडून न करता म्हाताऱ्यांकडून केली. १८५० मध्ये तिथले सुमारे ७० टक्के वृद्ध कोणत्या ना कोणत्या मुलाबरोबर राहत होते. २००० पर्यंत हे प्रमाण १५ टक्क्यांच्या खाली आलं.

हे का झालं, यावर अभ्यासकांत जुंपली आहे, आणि भांडण वाचण्यासारखं आहे. डोरा कोस्टा यांनी अमेरिकन यादवी युद्धात उत्तरेकडून लढलेल्या सैनिकांच्या पेन्शनच्या नोंदी पाहिल्या. ज्यांना पेन्शन जास्त, ते स्वतंत्र राहण्याची शक्यता जास्त, असं त्यांना दिसलं. म्हणजे हातात पैसा आला की म्हातारेच वेगळे होतात. मुलांच्या घरात ते राहत होते ते नाइलाजाने. रगल्स यांना हे मान्य नाही. त्यांच्या मते एकोणिसाव्या शतकात श्रीमंत म्हाताऱ्यांकडेच मुलं जास्त टिकत, कारण शेत किंवा धंदा बापाच्या हातात होता आणि वारसा हवा तर थांबावं लागे. पगाराची नोकरी मिळू लागली तशी मुलांची ती गरज संपली आणि ती निघून गेली.

दोन्ही बाजूंचे पुरावे वाचून मला असं वाटतं की हे दोघं एकाच गोष्टीची दोन टोकं धरून बसले आहेत. एका पिढीला दुसरीच्या तावडीतून सुटण्याचं साधन मिळालं की ती सुटते. कधी ते साधन बापाची पेन्शन असतं, कधी मुलाचा पगार. एकत्र राहण्यामागे प्रेम नव्हतं असं मी म्हणत नाही, पण त्या प्रेमाची परीक्षा झालीच नव्हती, कारण दुसरा मार्गच नव्हता. पेन्शन तरी केवढीशी! ब्रिटनने १९०८ च्या कायद्याने सत्तरी ओलांडलेल्या गरिबांना आठवड्याला जास्तीत जास्त पाच शिलिंग द्यायला सुरुवात केली. तेवढ्यावर कोणी ऐषाराम करणार नव्हतं. पण मुलीच्या घरी राहणारी आजी महिन्याकाठी काहीतरी हातावर ठेवू शकते की नाही, यावर त्या घरातला तिचा आवाज ठरतो.

वेगळं राहणं म्हणजे तुटणं, हे समीकरणही तपासून घ्यायला हवं. व्हिएन्नामध्ये लिओपोल्ड रोझनमायर आणि एव्हा क्योकाइस यांनी १९६० च्या सुमारास वृद्धांना विचारलं तेव्हा बहुतेकांना मुलं जवळ हवी होती, पण त्याच घरात नको होती. त्यांनी याला ‘अंतर राखून जवळीक’ असं नाव दिलं. युरोपभरच्या पाहण्यांत पुढे आणखी एक कोडं दिसलं. वृद्ध एकटे राहण्याचं प्रमाण उत्तरेकडच्या देशांत सर्वांत जास्त, पण आपण एकाकी आहोत असं सांगणाऱ्यांचं प्रमाण दक्षिण आणि पूर्व युरोपात जास्त, जिथे मुलांबरोबर राहणारे अधिक. याची कारणं गुंतागुंतीची आहेत. उत्तरेत पेन्शन बरी, तब्येती बऱ्या, मदत घरपोच. पण एक कारण मला विशेष पटतं: जिथे मुलांनी विचारपूस करायलाच हवी अशी अपेक्षा ठाम असते, तिथे शेजारच्या खोलीतल्या मुलाने दिवसभरात दोन शब्द न बोलणं जास्त लागतं. माणसांनी भरलेल्या घरात कोपऱ्यातल्या पलंगावर बसून राहिलेली माणसं कोणत्याही यादीत ‘एकटी’ म्हणून येत नाहीत.

तरीही सरकारांना कुटुंब चिकटवण्याचा मोह आवरत नाही. सिंगापूरने १९९५ मध्ये आईवडिलांच्या पालनपोषणाचा कायदा केला, ज्याखाली म्हातारे आईबाप मुलांकडून निर्वाहखर्च मागू शकतात. भारताने २००७ मध्ये असाच कायदा करून त्यासाठी वेगळी न्यायाधिकरणं नेमली. चीनने आपला कायदा सुधारून जुलै २०१३ पासून वेगळ्या राहणाऱ्या मुलांनी आईवडिलांना वरचेवर भेटलं पाहिजे असं लिहून टाकलं. वरचेवर म्हणजे किती वेळा, हे कायद्यात नाही. असतं तर आणखी हसू झालं असतं.

या कायद्यांचं समर्थन करणारे म्हणतात, निराधार म्हाताऱ्याला उद्या जेवायला हवं, तत्त्वचर्चा नको. बरोबर आहे, आणि म्हणूनच निर्वाहखर्चाच्या तरतुदी काढून टाका असं मी म्हणणार नाही. पण त्यांच्या मर्यादा उघड आहेत. मुलावर तक्रार करायला लागणं हीच आईला मरणाची शरम वाटते. तक्रार करून ती पुन्हा त्याच घरात झोपणार असते. मुलगा स्वतःच कर्जात बुडालेला असेल तर आदेशाचा कागद कागदच राहतो. आणि ज्यांना मूलच नाही, किंवा ज्यांचं मूल आधी गेलं, त्यांचं काय? अशांची संख्या वाढत जाणार, कारण जन्मदर जवळजवळ सगळीकडे घसरतो आहे. २०१८ मध्ये जगात पासष्टीपुढच्यांची संख्या पाच वर्षांखालच्या मुलांपेक्षा प्रथमच जास्त झाली. मुलांवर सोपवून हात झटकण्याचं धोरण मुलांचीच संख्या कमी होत असताना कसं टिकणार? ब्रिटनने १९४८ मध्ये गरीबविषयक जुना कायदा मोडीत काढला, तेव्हा प्रौढ मुलांवरची आईबापांना पोसण्याची कायदेशीर जबाबदारीही गेली. त्यानंतर मुलांनी आईबापांना टाकून दिलं का? पीटर टाउन्सेंड यांनी १९५० च्या दशकात पूर्व लंडनच्या बेथनल ग्रीन भागात पाहिलं, तर म्हाताऱ्यांची मुलं-मुली आसपासच राहत होती आणि रोजची ये-जा चालू होती.

भारतीय कायद्यातलं एक कलम मात्र मला खरंच मोलाचं वाटतं, आणि ते पोसण्याबद्दल नाही, मालमत्तेबद्दल आहे. कलम २३ सांगतं की सांभाळ करण्याच्या अटीवर ज्येष्ठाने घर किंवा जमीन कोणाला बक्षीसपत्राने दिली आणि पुढे सांभाळ झाला नाही, तर तो व्यवहार रद्द ठरवून घेता येतो. जुन्या करारांतली अक्कल इथे परत आली आहे. अडचण एवढीच की अट लिहून घ्यायला हवी, आणि भावनेच्या भरात सही करणारा बाप अट घालत नाही. ‘शेवटी सगळं त्यांचंच आहे’ असं म्हणून जिवंतपणीच घर नावावर करून देणं हा मी पाहिलेला सर्वांत महाग मोठेपणा आहे. मृत्युपत्र करा, पण बक्षीसपत्राची घाई करू नका, एवढा सल्ला कोणताही वकील देईल. नातेवाईक तो देत नाहीत.

आता एकत्र घराची दुसरी बाजू. त्या घरात म्हाताऱ्यांची सेवा करणारं माणूस कोण असतं? बहुतेक जगात एक बाई: बायको, मुलगी किंवा सून. ‘कुटुंबाने सांभाळावं’ या वाक्यात ‘कुटुंब’ म्हणजे तीच, बाकीचे भेटायला येतात. जपानने २००० मध्ये दीर्घकालीन शुश्रूषेचा सक्तीचा विमा सुरू केला. चाळिशीपासून प्रत्येकाने हप्ता भरायचा, आणि म्हातारपणी गरजेप्रमाणे घरी मदतनीस, दिवसभराचं केंद्र, आंघोळ घालण्याची सोय मिळायची. त्याच्या आधीच्या वादात एक प्रस्ताव असा होता की घरीच सेवा करणाऱ्यांना रोख भत्ता द्यावा. वरवर न्याय्य वाटणाऱ्या या प्रस्तावाला तिथल्या स्त्रियांच्या संघटनांनी विरोध केला. भत्ता हातावर टेकवला की सून कायमची बांधली जाईल, आम्हाला सेवा हवी आहे, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि ते मान्य झालं. जर्मनीने १९९५ च्या आपल्या विम्यात रोख रकमेचा पर्याय ठेवला. दोन्ही देश शहाणे आहेत, पण मला जपानी बायकांचा मुद्दा अधिक खोल वाटतो.

त्याच जपानमध्ये १९८० मध्ये वृद्ध असलेल्या घरांपैकी सुमारे निम्मी घरं तीन पिढ्यांची होती; आता दहांतलं एकसुद्धा नाही. सुना पळाल्या म्हणून हे झालं, असं म्हणणारे आहेत. पळाल्या असतील, आणि त्यांना दोष द्यायला मी तरी तयार नाही. सासूची वर्षानुवर्षं सेवा करणाऱ्या सुनेला तिथल्या वारसा कायद्यात काहीच हक्क नव्हता. जुलै २०१९ पासून वारस नसलेल्या नातेवाइकालाही अशा सेवेच्या मोबदल्यात वारसांकडे पैसे मागता येतात. इतकी शतकं गेल्यावर!

बदलाची किंमतही जपानच्याच आकड्यांत दिसते, ती लपवण्यात अर्थ नाही. तिथल्या पोलिसांच्या नोंदींप्रमाणे २०२४ मध्ये सुमारे ७६,००० माणसं एकटी राहत असताना घरात मरण पावली, आणि त्यातली तीन चतुर्थांशांहून अधिक पासष्टीपुढची होती. काहींचा पत्ता कित्येक आठवड्यांनी लागला. फ्रान्समध्ये ऑगस्ट २००३ च्या उष्णतेच्या लाटेत सुमारे १५,००० माणसं दगावली. त्यांत म्हाताऱ्यांचा भरणा मोठा होता, आणि पॅरिसमध्ये छपराखालच्या तापलेल्या खोल्यांत एकटं राहणाऱ्यांना धोका सर्वांत जास्त होता. तेव्हा स्वातंत्र्याचं गुणगान करताना तोल सांभाळायला हवा. पण त्या धक्क्यानंतर फ्रान्सने काय केलं, तेही पाहावं. मुलांना परत घरी पाठवण्याचा कायदा केला नाही. प्रत्येक नगरपालिकेने एकट्या राहणाऱ्या वृद्धांची ऐच्छिक नोंद ठेवायची, लाट आली की त्यांना फोन करायचा, दार वाजवायचं, असं ठरवलं. आणि खर्चासाठी वर्षातला एक दिवस सगळ्यांनी विनावेतन काम करायचं असं ठरलं. तो दिवस कामगारांना आवडला नाही, ही गोष्ट वेगळी.

‘आपल्याच घरात म्हातारं व्हावं’ ही घोषणा सध्या सगळ्या सरकारांच्या तोंडी आहे. ती स्वस्त पडते हे त्यामागचं एक कारण आहे, म्हणून मी तिच्याकडे थोडा संशयाने बघतो. लिफ्ट नसलेल्या चौथ्या मजल्यावरचं घर गुडघे गेलेल्या बाईच्या मालकीचं असलं तरी ते तिचं घर राहत नाही, तो बंदिवास होतो. न्हाणीघराचा उंबरा, अरुंद दार, अंधारा जिना: मालकी हक्काच्या कागदावर यांतलं काही लिहिलेलं नसतं, पण खुब्याचं हाड मोडतं ते इथेच. भाड्याने राहणाऱ्याला तर घरात कठडा बसवायलाही मालकाची परवानगी लागते. त्यामुळे माझं मालकीचं म्हणणं जरा दुरुस्त करून सांगतो: कागद नावावर असणं पुरेसं नाही, आणि नेहमी आवश्यकही नाही. आवश्यक आहे ते असं की त्या जागेतून कोणी आपल्याला आपल्या मनाविरुद्ध काढू नये, आणि आत आपला दिनक्रम आपला असावा.

हे संस्थेतसुद्धा शक्य आहे, यावर बरेच लोक विश्वास ठेवत नाहीत, कारण त्यांच्या डोळ्यांसमोर जुनी संस्था असते. टाउन्सेंड यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंड-वेल्समधल्या १७३ संस्था पाहिल्या. गरिबांना कामाला जुंपण्यासाठी बांधलेल्या जुन्या इमारतींतच कित्येक म्हातारे ठेवलेले होते: लांबलचक खोल्यांत ओळीने पलंग, स्वतःची म्हणावी अशी जेमतेम एखादी वस्तू. कपडे स्वच्छ, जेवण वेळेवर, आणि माणूस मात्र कशाचंच मालक नाही. डेन्मार्कने १९८७ च्या कायद्याने अशा पद्धतीची नवी शुश्रूषागृहं बांधणंच थांबवलं. पुढे जी बांधली त्यात राहणारा माणूस भाडेकरू असतो. त्याच्या नावाचा भाडेकरार, स्वतःचं स्वयंपाकघर आणि न्हाणीघर, आणि सेवा गरजेप्रमाणे आत येते. खोली तीच, परिचारिका तीच असेल, पण ती दारावर टकटक करून आत येते. भाडेकरार हा शब्द कोरडा आहे, तरी म्हाताऱ्या माणसाच्या प्रतिष्ठेसाठी त्याने जेवढं केलं तेवढं एखाद्या सेवाभावी उद्‌घाटन समारंभाने केल्याचं मला आठवत नाही.

जवळ राहण्यालाही धोरणाने हात देता येतो, आणि इथे सिंगापूरचं कौतुक करावं लागेल. कायद्याने मुलांना धाक घालणाऱ्या त्याच सरकारने २०१५ पासून आईवडिलांबरोबर किंवा त्यांच्या जवळ जुनं सरकारी घर विकत घेणाऱ्या मुलांना अनुदान द्यायला सुरुवात केली. एकत्र राहिलं तर जास्त, चार किलोमीटरच्या आत राहिलं तर थोडं कमी. मी असतो तर दोन्ही रकमा सारख्या ठेवल्या असत्या, पण ‘चार किलोमीटर’ ही कल्पना मला कुठल्याही संस्कारवर्गापेक्षा उपयोगी वाटते. पुष्कळ मुलं लांब राहतात ती मनाने लांब गेली म्हणून नव्हे. आईबापांच्या जवळ घर परवडत नाही म्हणून.

नवे प्रयोग पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या बातम्या प्रयोगांपेक्षा पुष्कळ. नेदरलँड्समधल्या डेव्हेंटर शहरातल्या एका वृद्धगृहात विद्यार्थ्यांना फुकट खोली मिळते, बदल्यात महिन्याला ३० तास शेजारधर्म पाळायचा. जगभरच्या वाहिन्या तिथे जाऊन आल्या. सुमारे १६० वृद्धांमागे सहा विद्यार्थी, हे प्रमाण पाहिलं की उत्साह जरा निवतो, पण कल्पना चांगली आहे. लंडनच्या उत्तर भागात पन्नाशीपुढच्या स्त्रियांनी मिळून स्वतःची वसाहत उभारली. घरं स्वतंत्र, बाग आणि बैठकीची जागा सामाईक, कारभार स्वतःच्या हातात. १९९८ मध्ये कल्पना निघाली आणि २०१६ मध्ये त्या राहायला गेल्या. मधली अठरा वर्षं जागा, परवानग्या आणि पैसा यांत गेली. काही जणींना तेवढा वेळ नव्हता. नवरा गेल्यावर किंवा साठीत घटस्फोट घेतल्यावर दहा-वीस वर्षं एकटीने काढणाऱ्या स्त्रियांची संख्या बघता अशा वसाहती शेकड्यांनी हव्यात. त्यासाठी आदर्शवादी स्त्रियांनी आयुष्याची अठरा वर्षं अर्जांमागे घालवावीत, ही अपेक्षा ठेवणारी व्यवस्था निगरगट्ट म्हटली पाहिजे.

शेवटी, या सगळ्या व्यवस्था ज्यांच्या खांद्यावर उभ्या आहेत त्यांच्याबद्दल. इटलीत लाखो वृद्ध स्वतःच्या घरात राहू शकतात, कारण त्या घरातल्या एका खोलीत युक्रेन, रुमानिया किंवा मोल्दोव्हाहून आलेली एक बाई राहते. चोवीस तास तिथेच, आठवड्यातून सुटीचे काही तास. तिची मुलं आजीकडे, आणि आजीला बघायला कोण, तर शेजारीण. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉक्शील्ड यांनी याला सेवेची जागतिक साखळी म्हटलं. दुसऱ्याच्या घराचा हक्क जपता जपता या बायकांचं स्वतःचं घर राहून जातं. पगारातला मोठा भाग गावी जातो, पेन्शनच्या नोंदी अर्धवट राहतात, आणि करार म्हाताऱ्याच्या मृत्यूबरोबर संपतो, म्हणजे त्याच आठवड्यात निवाराही जातो. घरच्याच माणसाची सेवा करण्यासाठी नोकरी सोडणाऱ्या मुलीची गतही फार वेगळी नाही. जर्मनीचा शुश्रूषाविमा आठवड्याला किमान दहा तास अशी सेवा करणाऱ्या नातेवाइकाच्या पेन्शनचा हप्ता भरतो. ज्या देशांना वृद्धांनी आपापल्या घरात राहावं असं वाटतं, त्यांनी निदान एवढी तरतूद पगारी आणि बिनपगारी दोन्ही प्रकारच्या सेवेकरणींसाठी करावी, आणि सोबतीने राहणाऱ्या मदतनिसांच्या करारात मालकाच्या मृत्यूनंतर काही महिने राहण्याचा हक्क लिहून घ्यावा.